कोनताबी वाटा

वर्गात मी तिला अम्मा म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कुणी चांगलं मत करून घ्यायला नको.

तेलुगूत अम्मा म्हणजे आई. पण आमच्या उटनूर-नार्नूरच्या भागात अम्मा कुणालाही म्हणतात. बसमध्ये शेजारणीला जरा सरकायला सांगताना अम्मा, ऑफिसातल्या रांगेत उभ्या म्हातारीला अम्मा, दारावर बांगड्या विकायला आलेल्या बाईलाही अम्माच. आपली स्वतःची आई म्हणायची असेल तर त्याच्या आधी एक ‘मा’ लावतात. मा अम्मा, म्हणजे माझी आई. एवढ्या एका अक्षराचा फरक. घरी आम्ही मराठी बोलतो आणि आईला मी माय म्हणतो. त्या दिवशी पन्नास पोरांसमोर मला माय म्हणता आलं नाही, आणि ते एक अक्षरही मी गिळलं. वर स्वतःची समजूत घातली की शब्दाचा अर्थ तर तोच होतो.

उटनूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो, तेलुगूतून. अकरा वर्षं झाली. आमच्याकडे गोंड पोरं आहेत, लंबाडा आहेत, तेलुगू आहेत, आणि सीमेवरच्या गावांतली आमच्यासारखी मराठीही आहेत. त्या सगळ्यांना दरवर्षी एक धडा नको नको होतो. तेलुगू पुस्तकात त्याचं नाव उदासीनता वक्ररेखा. मराठीत समवृत्ती वक्र म्हणतात, ते नाव मला जास्त बरं वाटतं, कारण उदासीन म्हटलं की पोरांना तोंड पाडून बसलेला माणूस दिसतो. खरं तर गोष्ट साधी आहे. दोन वस्तू आहेत. एकीतलं थोडं कमी केलं आणि दुसरीतलं थोडं वाढवलं, तरी गिऱ्हाईक तेवढंच समाधानी राहतं. अशा सारख्या समाधानाच्या जोड्या कागदावर ठिपके देऊन जोडल्या की रेघ तयार होते. त्या रेघेवर कुठंही बोट ठेवा, गिऱ्हाईक म्हणणार की चालेल.

पुस्तकात उदाहरण होतं सफरचंद आणि केळी. आता उटनूरला सफरचंद म्हणजे दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. एका सफरचंदासाठी किती केळी सोडाल, असं मी विचारलं की पोरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. आजारी कोण आहे, याच विचारात ती पडत असावीत. पहिली दोन वर्षं मी त्या सफरचंदांशी झटापट केली. मग एके दिवशी फळ्यासमोर उभा असताना मला मायचे वाटे आठवले.

माय नार्नूरच्या आठवडी बाजारात भाजी विकते. गावाला आमचा विहिरीखालचा एक तुकडा आहे. वडील होते तेव्हा दोघं मिळून करायचे, आता ती एका मजूर बाईला घेऊन करते. वांगी, मिरची, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. बाजारात ती तराजू नेत नाही. ताडपत्री अंथरते आणि वांग्यांचे वाटे मांडते, एका रांगेतल्या सगळ्या वाट्यांचा भाव एकच. पण वाटे दिसायला वेगळे असतात. एका वाट्यात तीन मोठी वांगी आणि एक बारकं. दुसऱ्यात दोन मोठी आणि तीन बारकी. तिसऱ्यात एकच मोठं आणि सहा बारकी. मी लहान असताना तिला विचारलं होतं की हे सारखे कसे. ती म्हणाली होती, “पह्यलं मोठं काढलं तं दोन बारके घातले का भागते. दुसरं काढलं तं तीन घाला लागते. मोठं कमी झालं का त्याचा मान वाढते.”

अर्थशास्त्रात याला फार अवघड नाव आहे, आणि वक्र आतल्या बाजूला का झुकतो ते समजावायला पुस्तकानं दोन पानं घालवली आहेत. मायला तीन वाक्यं पुरली. तिच्या दोन रांगा असायच्या. वरच्या रांगेत ताजा माल, भाव जास्त. खालच्या रांगेत कालचा. वरच्या रांगेतला वाटा खालच्या रांगेत कधी जायचा नाही, म्हणजे दोन वक्र एकमेकांना छेदत नाहीत, हेही झालं. आणि नुसत्या बारक्यांचा वाटा ती कधीच लावत नसे. परीक्षेत चार गुणांना येणारे सगळे गुणधर्म त्या ताडपत्रीवर होते. गिऱ्हाईक आलं की माय म्हणायची, “कोनताबी घ्या, सारकेच हायेत.” तेलुगू गिऱ्हाईक असलं तर तिच्या मोडक्या तेलुगूत, “एदैना तीसुको, अन्नी ओकटे.” कोणताही उचल, सगळे एकच.

पण ते वाटे आपोआप एकच होत नसत. एक वांगं इकडून उचलायचं, तिकडे ठेवायचं, जरा मागे सरून बघायचं, परत काढायचं. अर्धा तास तिचं हेच चालायचं. घरी आंबे आले की वाटे करायला ती मला बसवायची, आणि एक नियम होता. ज्यानं वाटे मांडले त्यानं शेवटी उचलायचं. म्हणजे मांडणारा लबाडी करत नाही. मी एकदा मांडूनही आधी हात घातला तेव्हा तिनं हातावर चापट मारली होती. पुढच्या गोष्टीसाठी हा नियम लक्षात ठेवावा लागेल.

तर वाटे आठवले त्या पहिल्या दिवशी वर्गात मी म्हणालो, “नार्नूरच्या बाजारात...” आणि जिभेवर ‘मा अम्मा’ आलेलं होतं. शपथेवर सांगतो, आलेलं होतं. तेवढ्यात वऱ्हांड्यातून प्रिन्सिपल गेले. स्टाफरूममध्ये कुणाचे वडील हेडमास्तर होते, कुणाचे बँकेत. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची शेती आहे. खोटं नव्हतं. पण शेती आहे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे येतं ते येऊ द्यायचं आणि आपण चहा प्यायचा, हा लबाडपणा मी छान जमवला होता. प्रिन्सिपल पुढे गेले आणि मी वाक्य पुरं केलं, “...एक बाई बसते.”

एकदा बाई म्हटलं की मग पुढं सोपं गेलं. पोरं ऐकायला लागली म्हणून मला चेव आला. मी तिची नक्कल केली. हात कसे झटकते, पदर कसा खोचते, आणि मराठी वळणाचं ते तेलुगू, एदैना तीसुको, अन्नी ओकटे. वर्ग खदखदून हसला. धडा मात्र सगळ्यांना समजला. पुढच्या वर्षी मी तीच नक्कल जरा आणखी रंगवून केली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. पोरांनी माझं नावच वंकाय सार पाडलं, वंकाय म्हणजे वांगं. मला त्या नावाचा अभिमान होता.

ही सवय काही कॉलेजात लागली नाही. मी शाळेत असताना एकदा आमचे गुरुजी बाजारात आले होते. मी मायजवळ बसलो होतो. ते दिसताच मी पोत्यांमागे वाकलो आणि काहीतरी हरवल्यासारखं शोधत राहिलो. मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुजींच्या पिशवीत वाट्यावर एक वांगं जास्त टाकलं आणि त्यांना वाटेला लावलं. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

कॉलेजातली पोरं नार्नूरची, आसपासची. ती बाजारात जाणार हे मला कळायला हवं होतं. एका सुट्टीत मी गावाकडे गेलो तेव्हा माय सांबाराच्या जुड्या बांधत होती. ती सहज म्हणाली, “तुह्या कालेजातले पोट्टे आलते बाजारात.”

मी घाईनं विचारलं, “काय म्हणाले?”

“काई नाई. अन्नी ओकटे म्हनत होते अन् हासून राह्यले होते. दोघाईनं वांगे नेले.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हनू? म्याबी म्हनलं, अन्नी ओकटे.” तिनं मान खाली घालून जुडीला गाठ मारली. “चांगले पोट्टे हायेत.”

म्हणजे तिनं आपलं नातं सांगितलेलं नाही, असा अर्थ मी काढला आणि मोकळा श्वास घेतला. तो श्वास मी विसरू शकत नाही. आईनं माझी ओळख सांगितली नाही म्हणून मला बरं वाटलं होतं.

माझ्या बायकोला हे सगळं ठाऊक होतं आणि ती अधूनमधून टोचायची. ती म्हणायची, “एक दिवस सांगून टाका ना. कोन खाते तुमाले?” मी म्हणायचो की मायला काही फरक पडत नाही, तिला विचारून बघ. बायको विचारायला गेली नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

मागच्या वर्षी वरच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले आणि नेमके माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसले. तोच धडा चालू होता. मी नक्कल जरा बेतानं केली, पण केली. साहेब खूश. तास संपल्यावर विचारलं, ही बाई खरोखरच आहे का? मी म्हणालो, आहे. मग तिला बोलवा की, साहेब म्हणाले, पोरांसमोर वाटे मांडू द्या, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. प्रिन्सिपलनी लगेच मान डोलावली, फोटो काढायचं ठरवलं, आणि त्या बाईला आणायचं काम माझ्याकडे दिलं. ओळख आहे का तुमची, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “आमच्याच गावची आहे.”

त्याच संध्याकाळी मी गावाला गेलो. माय वाफ्यात होती. मी बांधावर उभा राहून तिला सगळं सांगितलं. ती लाजली. “मी काय शिकवू पोट्ट्याईले?” म्हणाली, पण तिला आनंद झालेला दिसत होता, कारण तिनं लगेच कोणत्या झाडाची वांगी आणायची त्याचा विचार सुरू केला. मग मला खरं जे बोलायचं होतं ते बोललो. ते असं बोललो की ऐकणाऱ्याला वाटावं, मी तिचाच सल्ला घेतो आहे.

“माय, तिथं वर्गात तू कोण ते सांगू, का नुसतं बाजारातली बाई म्हणून बोलावलं असं राहू देऊ? म्हणजे साहेब आहेत, बाकीचे आहेत. उगाच घरचंच माणूस आणलं असं नको वाटायला. तुला काय बरं वाटते?”

तिनं हातातलं वांगं पानानं पुसलं. मग म्हणाली, “कोनतंबी चालते.”

मी इतकी वर्षं जे शिकवत होतो तेच मला ऐकू आलं. दोन्ही जोड्यांत गिऱ्हाईकाचं समाधान सारखं आहे. मी निर्धास्त घरी आलो आणि बायकोला सांगितलं की मायला कसंही चालते. ती भाकरी थापत होती. न बघताच म्हणाली, “चालते म्हनलं म्हनजे चालते का? मीबी रोजच म्हनते.”

ते दोन वाटे मीच मांडले होते. एकात माझं सगळं सुख घातलं होतं, दुसऱ्यात नुसती बारकी. आणि मांडून झाल्यावर मायचा हात पुढे यायच्या आत मी माझा उचलला होता. हे मला त्या दिवशी दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. आता वाटतं, पाहिलंच असावं.

ठरल्या दिवशी ती सकाळच्या बसनं आली. लग्नाकार्यात नेसते ते हिरवं लुगडं, पायात नवी चप्पल, डोक्यावर टोपली. प्रिन्सिपलनी स्वतः खुर्ची पुढे केली. ती खुर्चीच्या अगदी टोकाशी उभी राहिली. साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले होते. मी तेलुगूत, फार अदबीनं, म्हणालो, “अम्मा, इक्कड कूर्चोंडि.” अम्मा, इथं बसा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभर. मग मराठीत म्हणाली, “बरं सर. कुठं मांडू ते तुमी सांगा.”

जन्मात तिनं मला तुमी म्हटलं नव्हतं. रागावली तरी तू, कौतुक केलं तरी तू. नोकरी लागली तेव्हा पेढा भरवतानाही म्हणाली होती, “तू मोठा झाला रे.” आता ती मला तुमी म्हणाली. त्या वेळी एक अक्षर पुढे लावलं असतं तरी झालं असतं. मी टेबलाकडे हात केला आणि म्हणालो, इथं मांडा.

तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि वाटे मांडायला घेतले. उचलायचं, ठेवायचं, मागे सरून बघायचं. मी फळ्यावर एकेक ठिपका देत गेलो. तीन मोठी आणि एक बारकं, दोन आणि तीन, एक आणि सहा. रेघ काढली तर ती पुस्तकातल्यासारखीच झुकली. वर्गात त्या दिवशी कुणीच हसत नव्हतं. मायनं एदैना तीसुको म्हटल्यावरसुद्धा एक आवाज नाही. साहेबांमुळे पोरं शिस्तीत आहेत, असा मी अर्थ लावला.

साहेबांनी विचारलं, नुसत्या बारक्या वांग्यांचा वाटा का नाही? मी तिला मराठीत सांगितलं. ती साहेबांकडे बघून म्हणाली, “त्याले कोनी हात लावत नाई सायेब. वाट्यात एक तरी मोठं लागते. नाईतं तो वाटाच नाई.” मी भाषांतर केलं आणि वर जोडलं की म्हणूनच वक्र अक्षाला स्पर्श करत नाही. साहेबांनी टाळी वाजवली. मग त्यांनी हसत विचारलं, या तिन्हींतला तुम्ही कोणता घ्याल?

“मी मांडले ना,” माय म्हणाली. “मांडनाऱ्यानं शेवटी घ्या लागते.”

हेही मी भाषांतर करून सांगितलं. माझाच आवाज मला ऐकू येत होता. साहेबांना ते फार आवडलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

फोटो काढला तेव्हा साहेब मध्ये, माय एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. बसस्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर गेलो. तिथं आमचीच चार पोरं उभी होती. ती म्हणाली, “तुमी जा सर. तास असंन तुमचा.” मी हळूच म्हणालो, माय, काय हे. ती म्हणाली, बस येऊन राह्यली. चढताना तिनं एक पिशवी माझ्या हातात दिली. तिन्ही वाटे एकत्र केले होते. “घरी न्या,” म्हणाली, आणि तेही तुमीच्या चालीवर.

संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, स्थानिक भाजी विक्रेत्या अम्मासोबत. बायको ती वांगी चिरत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं विळी बाजूला ठेवली, फोटो मोठा करून पाहिला, आधी एक टोक, मग दुसरं टोक. “नाकं तं पाहा,” म्हणाली. “हे सांगा लागते का कोनाले?” मी त्या दिवशी जेवलो नाही. ती भाजी मला खाववली नसती.

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास त्या वर्गावर होता. मी हजेरी घेतली नाही. टेबलाचा कोपरा धरून उभा राहिलो आणि म्हणालो की काल जी बाई आली होती, ती मा अम्मा. माझी आई आहे. इतकी वर्षं मी सांगितलं नाही, तिची नक्कल केली, चूक झाली. एवढं बोलायला मला खूप वेळ लागला. पोरं आता काय करतील, हसतील, कुजबुजतील, तोंड फिरवतील, याची मी वाट बघत होतो.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, नार्नूरकडचीच, खाली बघत म्हणाली, “तेलुसु सार.” माहीत आहे, सर.

“काल कळलं का?”

“नाही सर. आधीपासून. सगळ्यांना माहीत आहे.”

मी विचारलं, कसं? मागून कुणीतरी म्हणालं, सीनियर मुलांनी सांगितलं. त्यांना त्यांच्या सीनियरनी सांगितलं होतं. जुन्या नोट्सबरोबर हेही दरवर्षी खाली येत होतं. पण पहिल्यांदा कुणी सांगितलं, असं मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “अम्मानंच. बाजारात कुणी कॉलेजचं आलं की ती सांगते. म्हणते, तुमचे सर माझा मुलगा आहे. मग म्हणते, पण त्याला बोलू नका तुम्हाला माहीत आहे म्हणून. त्याला कसंतरी होईल.”

इतक्या वर्षांत शेकडो पोरं त्या वर्गातून गेली असतील. मी तिची नक्कल करत होतो, आणि माझी लाज झाकण्यासाठी पोरं हसत होती. काल तेवढी ती हसली नाहीत, कारण काल माय समोर होती. मी तास सोडून दिला.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी नार्नूरला गेलो. माय ताडपत्रीवर बसली होती. मला पाहून तिनं पोतं सरकवून जागा केली, मी चपला काढून तिच्या शेजारी बसलो. मग मी म्हणालो, “माय, मी सांगितलं वर्गात.”

“काऊन? त्याईले मालूम होतं ना.”

“तू मला कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू?” तिनं एक वांगं उचलून दुसऱ्या वाट्यात ठेवलं.

“वाफ्यात मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, कोनतंबी चालते.”

ती वाट्याकडेच बघत होती. रागानं नाही बोलली, भाव सांगावा तसं बोलली. “चालत नवतं बापा. चालवलं.”

मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. नुसती शरम आली, कानापर्यंत. तेवढ्यात एक तेलुगू गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, साधारण माझ्याच वयाचा माणूस. त्यानं वाट्यांवरून नजर फिरवली, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि मायला विचारलं, हे सार कोण, इथं कसे बसलेत?

माय उत्तर देऊ शकली असती. इतकी वर्षं तिनंच दिलं होतं. पण तिनं दोन वाट्यांमधली वांगी इकडची तिकडे करायला घेतली आणि मान वर केली नाही.

“मा अम्मा,” मी म्हणालो.

इतक्या हळू म्हणालो की त्या माणसानं कान पुढे करून पुन्हा विचारलं. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.